हौदातला पंधरावा

मी वरून पाणी ओतत होतो आणि कचरू पगारे ओंजळ तोंडाशी धरून पीत होता, तेवढ्यात टर्नबुल साहेब चिखल तुडवत लोकोशेडमध्ये शिरला. फोरमन स्वतः शेडमध्ये आला म्हणजे कुणाची तरी खैर नसायची. मी तांब्या माठावर ठेवला आणि उभा राहिलो.

“किधर है वो दीवार?” साहेबानं विचारलं.

दीवार म्हणजे कचरू. तो मनगटानं तोंड पुसत पुढे झाला.

“आज तुम खेलेगा. साडेतीन बजे.”

ही गोष्ट छत्तीस सालच्या आषाढातली. आमचं पिंपळघाट स्टेशन घाटमाथ्यावर होतं. गाडीला मागून इंजिन लावल्याशिवाय ती वर चढत नसे, त्यामुळे गाव लहान असलं तरी शेड मोठी होती आणि गोरे फोरमन, ड्रायव्हर, गार्ड भरपूर होते. त्यांचं इन्स्टिट्यूट होतं, दाराशी ‘फक्त युरोपियनांसाठी’ अशी पाटी होती, मागे मैदान होतं आणि मैदानावर रग्बी चालायची. हा खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं होतं, साहेबांचं आपसात भांडण झालंय. अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत मारून एकानं पळायचं आणि बाकीच्यांनी त्याला चिखलात लोळवायचं. पावसाळ्यातच खेळायचे, कारण एरवी आमची जमीन हाडं मोडते. मध्येच आठ इकडचे आणि आठ तिकडचे एकमेकांच्या गळ्यात हात घालून, डोक्याला डोकं भिडवून रेटारेटी करायचे. त्याला आम्ही जुडी म्हणायचो.

जुडीचा सराव करायला समोर रेटायला कुणीतरी लागतं. साहेब लोक शेडमधले चार-पाच खलाशी, म्हणजे अंगमेहनतीचे गडी, बोलावून समोर उभे करायचे. हळूहळू बाकीचे गळाले आणि कचरू एकटा उरला, कारण तो एकटा पुरायचा. इंजिनावर कोळशाच्या पाट्या फेकून त्याची मान आणि खांदे एक झाले होते. तीन पावसाळे तो दीवार म्हणून उभा राहिला आणि उभ्या उभ्या सगळा खेळ शिकला. सामन्याच्या दिवशी मात्र तो कुंपणाच्या बाहेर असायचा, नाल्यात गेलेला चेंडू आणून द्यायला.

त्या दिवशी छावणीतल्या गोऱ्या पलटणीशी कपाचा शेवटचा सामना होता. आमचा एक गडी हिवतापानं फणफणला होता, त्याच्या जागी राखीव माणूस घेतला. दुसऱ्याची मालगाडी दरड कोसळल्यामुळे घाटात अडकली, त्याच्या जागी घ्यायला कुणी उरलं नाही. टर्नबुल आमचा कप्तान, स्वतःही खेळायचा, आणि पलटणीकडून तो दोन वर्षं हरला होता. तिसऱ्यांदा चौदा जणांनिशी हरायची त्याची तयारी नव्हती.

कचरूनं लगेच हो म्हटलं नाही. त्याचा बाप मोठ्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्यापर्यंत जाऊन आला होता. लढाई संपल्यावर पलटण मोडली आणि बाप गावी परतून मेलेली ढोरं ओढायला लागला. पण तिकडे शिकलेलं इंग्रजी त्यानं पोराला दिलं होतं. कचरू साहेबाशी इंग्रजीतच बोलला. साहेब घड्याळ बघत “येस, येस” म्हणाला आणि गेला.

“काय म्हणालास रे?” मी विचारलं.

“म्हनलं, खेळीन. पन पंधरावा म्हनून. चौदा आन् एक म्हनून न्हाई. चौदांना जे, ते मला.”

माझं धाबं दणाणलं. “खुळा का तू? साहेबाला अट घालतोस? खेळायला घेतलं हे काय थोडं झालं?”

“भाऊ, त्यांची गरज हाय म्हनून घेतलं. गरज हाय तवाच अट घालावी. मागनं निस्ते अर्ज करावे लागत्यात.”

“अडला हरी गाढवाचे पाय धरी, एवढंच आहे हे.”

“धरू द्या की. मग गाढवानं लाथ झाडू नये का?” तो हसला. “आजून थोडं ओता, भाऊ.”

मी तांब्या भरून परत वरून ओतला. मी, रावजी भोर, जातीनं कुणबी. शेडमध्ये कामाला कुणी शिवाशिव पाळत नव्हतं, पाळून इंजिन हललंच नसतं. पण पाण्याशी गाडी आली की पाळायचे सगळे. माठ माझ्या ताब्यात होता. कचरूला मी कधी तहानलेला ठेवला नाही आणि त्याबद्दल मला स्वतःचं कौतुकही वाटायचं.

आता माझं खरं काम सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मी इन्स्टिट्यूटचा बंबवाला. मैदानाला लागून न्हाणीघर होतं आणि त्यात फरशी बसवलेला मोठा हौद. बसलं तर छातीपर्यंत पाणी येईल असा, पंधरा माणसं मावतील एवढा. खेळ झाला की साहेब लोक सगळेच्या सगळे त्या एका हौदात उतरायचे. नळ बारीक धारेचा, हौद भरायला दीड तास लागायचा. पाणी तापवायला शंटिंगचं इंजिन न्हाणीघरामागच्या सायडिंगवर आणून उभं करत. त्याच्या वाफेचा पाइप मी हौदात सोडायचो, वीस मिनिटांत पाणी कढत. सायडिंगची झेंडीही माझ्याकडेच असायची. आणि त्यांचा एक रिवाज होता. ज्यानं शेवटचे गुण मिळवून सामना जिंकून दिला, तो पहिला उतरायचा. तोवर कुणी पाण्यात पायाचं बोट बुडवायचं नाही. तो उतरला की बाकीचे आरोळी ठोकून मागोमाग. अकरा वर्षं मी ते पाणी तापवलं. बोटानं कढत आहे का बघायचो, तेवढाच माझा आणि त्या पाण्याचा संबंध.

साडेतीनला मी हौदाचा नळ सोडून खिडकीशी उभा राहिलो. न्हाणीघराच्या खिडकीतून मैदान सरळ दिसायचं.

कचरू मैदानात उतरला आणि पलटणीचा कप्तान हात वर करून थांबला. पंच म्हणून छावणीतला म्हातारा पाद्री होता. कप्तान त्याच्याशी बराच वेळ बोलला. पाद्रीनं खिशातून नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला, पानं उलटली.

“पुस्तकात पंधरा माणसं लिहिलंय,” तो म्हणाला. “हा माणूस नाही असं तुझं म्हणणं आहे का?”

हे लेस्लीनं मला नंतर सांगितलं. लेस्ली फर्नेल म्हणजे आमचा गार्ड. बाप विलायती, आई इथलीच. रंगानं तो उन्हात राबलेल्या माणसाइतका सावळा होता, पण विलायतेला ‘घर’ म्हणायचा. तिथं तो कधीच गेला नव्हता. गोऱ्यांनी आपल्याला गोरं म्हणावं यासाठी बिचाऱ्याला रोज पराकाष्ठा करावी लागायची. आणि जुडीत नेमकी त्याची जागा कचरूच्या शेजारी आली.

पहिल्या जुडीत लेस्लीनं कचरूचा सदरा दोन बोटांनी धरला. गाठ सुटली आणि पलटणीनं आमच्या आठांना चिखलात दहा पावलं मागे ढकललं. दुसऱ्या जुडीत त्यानं मूठभर सदरा धरला. तिसऱ्या जुडीला त्याचा हात कचरूच्या गळ्यात होता आणि शेवटपर्यंत तिथंच राहिला. मान वाचवायची तर धरावंच लागतं.

समोरचा तांबडा सोजीर मात्र जुडी बांधताना दर वेळी थुंकायचा. पहिली थुंकी कचरूच्या गालावर पडली. कचरूनं ती पुसली नाही. वाकला, गाल तसाच सोजिराच्या गालाला घट्ट भिडवला आणि रेटायला लागला. त्यानंतर सोजीर जमिनीवर थुंकायला लागला.

शेवटच्या पाच मिनिटांपर्यंत आम्ही दोन गुणांनी मागे होतो. रेषेच्या अगदी जवळ जुडी पडली. कचरू आत काहीतरी ओरडला, काय ते कळलं नाही, पण इंजिन घाट चढताना जसं एकेक डबा ओढून घेतं तसे आठही जण एका दमात पुढे सरकले. पलटण मागे, मागे, आणि रेषेपलीकडे ढीग कोसळला. सगळे उठले तेव्हा तळाशी कचरू होता आणि चेंडू त्याच्या छातीखाली. पाद्रीनं शिटी फुंकली, रेषेपलीकडे चेंडू टेकवल्याचे तीन गुण. एका गुणानं आम्ही जिंकलो. मी खिडकीत एकटाच हसत होतो.

शंटरचा ड्रायव्हर कासमभाई सायडिंगवर होताच. मी पाइप सोडून पाणी तापवलं. साडेपाचला सगळे न्हाणीघराशी आले. साडेसहाला इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये मोठ्या साहेबाची मडम कप देणार होती, त्यानंतर नाच. वारा बोचरा होता. अंगावरचा चिखल वाळून गोरे लोक पोचारा दिलेल्या भिंतींसारखे दिसत होते.

दारात टर्नबुल थांबला. कचरूच्या खांद्याकडे हात नेला आणि हात मध्येच राहिला.

“अच्छा खेला. अब तुम नल पे जाओ.”

नळ म्हणजे कोळशाच्या आवारातला. खलाशी तिथं हातपाय धूत.

कचरू म्हणाला, “चौदा आणि एक, साहेब?”

“क्या?”

 कचरू टर्नबुलच्या बाजूनं आत आला. चिखलानं भरलेला सदरा डोक्यावरून काढला, व्यवस्थित घडी घालून बाकावर ठेवला, चड्डी काढून त्यावर ठेवली आणि लंगोटीवर हौदाच्या पायऱ्या उतरला. शेवटचे गुण त्याचे होते. रिवाजाप्रमाणे तोच पहिला. पाण्यात बसून त्यानं डोळे मिटले आणि मोठ्यानं श्वास सोडला.

आरोळी काही आली नाही. चौदा जण काठावर उभे. 

“निकलो,” टर्नबुल म्हणाला.

“निघतो साहेब. अंग धुऊन झालं की.”

कुणी हात धरून ओढला असता तर कचरू काही तिथं रुजलेला नव्हता. पण दोन तास ज्याच्या रेट्यावर ते उभे होते त्याला हात घालायला कुणी पुढे होईना. टर्नबुलचं तोंड कानापर्यंत लाल झालं. तो माझ्याकडे वळला.

“रावजी. बूच निकालो. पानी छोड दो. दुसरा भरो.”

कचरूनं डोळे उघडले. बाकी कुणाकडे नाही, त्यानं माझ्याकडे पाहिलं.

 घरी बायको, तीन लेकरं, कंपनीची खोली. हे सगळं त्या बुचाला बांधलेलं होतं. मी खाली वाकलो, साखळी हातात घेतली, आणि तशीच सोडली.

“बूच काढायच्या आधी वाफेचं बघून येतो, साहेब,” मी म्हणालो आणि मागच्या दारानं बाहेर गेलो.

परत आलो तेव्हा सगळे तसेच उभे होते. कचरू पाण्यात मान चोळत होता.

“साहेब, इंजिन गेलं,” मी सांगितलं. “घाटात लावायला नेलं असंल.”

“तो क्या?”

“आता बूच काढलं तर दीड तासानं हौद भरंल. तोही गार पाण्यानं. जसा हुकूम.”

टर्नबुलनं घड्याळ पाहिलं. पावणेसहा. एकाला शिंक आली. मग दुसऱ्याला आली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

“लेस्ली,” कचरूनं हाक मारली. मिस्टर नाही, साहेब नाही. “साबण दे.”

साबणाची वडी लेस्लीच्याच हातात होती. त्यानं ती हातात फिरवली. मला वाटलं, हा देणार नाही. गोरा म्हणवून घ्यायचं तर हीच वेळ होती. त्यानं टर्नबुलकडे पाहिलं.

“ह्याच्या गळ्यात दोन तास माझा हात होता,” तो म्हणाला. “आता पाण्यानं आणखी काय व्हायचंय?”

आणि वडी द्यायला म्हणून तो पायऱ्या उतरला तो उतरलाच. खाली बसला, पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं. मग कुणीतरी मोठ्यानं शिवी घातली, ती थंडीला होती की आणखी कुणाला ते कळलं नाही, आणि तोही उतरला. मग तिसरा. चौघं एकदम. पाव तासात चौदांतले तेरा जण हौदात होते आणि पाणी काळंभोर झालं होतं.

टर्नबुल बाहेर निघून गेला. मी टॉवेल आणायला मागे गेलो तर तो कोळशाच्या आवारात होता. नळाखाली वाकून, भर पावसात, गार पाण्यानं मान धूत होता. त्याच नळाखाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमध्ये भाकरी सुटल्यावर कचरू माठापाशी आला. माझ्याबरोबर पाच-सहा जण जेवत होते, दगडू गाढवे सगळ्यांत मोठ्या आवाजाचा. कालची हकिगत तोच रंगवून सांगत होता, जसा काही हौदात हा होता. “गोऱ्यांची जिरवली आपल्या कचरूनं,” असं त्यानं तीनदा म्हटलं. आपल्या कचरूनं.

मी सवयीनं तांब्या उचलला. कचरूनं ओंजळ पुढे केली नाही.

“रावजीभाऊ, काल सायडिंगवरनं शंटर का गेला?”

“मला काय ठाऊक? घाटात लागला असंल.”

“शंटरची ड्यूटी सातपातूर व्हती. सकाळी कासमभाईला इचारलं. तो म्हनतो, रावजीनं हिरवी झेंडी दाखवली, मला वाटलं काम झालं.”

सगळे जेवायचे थांबले.  झेंडी मीच दाखवली होती. दाराबाहेर आलो, इंजिन फुसफुसत उभं होतं, कासमभाई “और चाहिए क्या?” म्हणून वाकला, आणि माझ्या हातानं खुंटीवरची झेंडी घेऊन हलवली. मला टर्नबुलची चीड आली होती. असला रांगडा गडी, ज्यानं तुझा सामना जिंकला, त्याला तू पाण्याला शिवू देत नाहीस? हेच माझ्या डोक्यात घोळत होतं. अगदी हेच शब्द.

“लई उपकार झाले, भाऊ,” कचरू म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. “तुमी चौदा गोऱ्यांना अडकवून धरलं. आता येक सांगा. तुमी सोता चौदात का पंधरात?”

“म्हणजे?”

त्यानं माठाकडे बोट दाखवलं. “मी पेला बुडवू का?”

खोटं सांगत नाही, माझा हात थबकला. दगडू माझ्याकडे बघत होता, सगळे बघत होते. टर्नबुल काल दारात उभा होता तसा मी माठाच्या आड उभा होतो. आणि मला ते दिसलं, ते माझ्या कुठल्याही शहाणपणानं नाही. कचरू कालच्यासारखाच माझ्याकडे बघत होता म्हणून दिसलं.

मी माठावरचं झाकण काढून बाजूला झालो.

कचरूनं पेला बुडवला. कोपरापर्यंत नाही, मुद्दाम नाही, जसा कुणीही बुडवेल तसा. तोंडाला लावून प्याला, घटाघट. मग पुन्हा बुडवला, भरला आणि माझ्यापुढे धरला.

मी प्यालो. पाणी रोजचंच होतं.

पेला खाली ठेवेपर्यंत दगडू उठला होता. तो भाकरी फडक्यात गुंडाळून निघून गेला. मागोमाग बाकीचे गेले. संध्याकाळी शेडच्या दुसऱ्या टोकाला नवा माठ आला. घरी बातमी माझ्याआधी पोचली होती, बायकोनं महिनाभर माझं ताट ओसरीवर वाढलं. आठवड्यानं टर्नबुलनं मला इन्स्टिट्यूटवरून काढून राखेच्या खड्ड्यावर घातलं. कारण काही दिलं नाही, मीही विचारलं नाही. कचरूचं नाव पुढच्या पावसाळ्यात इन्स्टिट्यूटच्या फळ्यावर पंधराव्या जागी लागलं, के. पगारे म्हणून, आणि सहा वर्षं राहिलं. टर्नबुलला कप हवा होता.

साहेबांच्या तेरा जणांना त्या पाण्यात उतरायला पाव तास लागला. माझ्या माठावर तिसरा माणूस यायला सात वर्षं लागली. तो दगडूच होता. वैशाखात त्यांचा माठ फुटला आणि तो कोरड्या घशानं येऊन लांब उभा राहिला, तोंडानं काही मागेना. कचरूनं पेला बुडवला, भरला आणि त्याच्या हातात दिला. वरून ओतला नाही.